समजा मास्तरांची रीत

"उत्तर बरोबर आहे की नाही, एवढंच सांगा."

"उत्तराचा प्रश्नच नाही इथे."

"गणिताच्या पेपरात उत्तराचा प्रश्न नाही? मग काय फुलापानांची चित्रं काढायची होती तिने?"

"रीत लिहायची होती. हिने नुसतं उत्तर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या, पेपर टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन दोरीवरच्या उड्या मारत बसली."

"उड्या बसून मारत नाहीत."

"विषय बदलू नकोस."

"मी कुठे बदलतेय? पोटच्या पोरीला शून्य दिलंत तुम्ही. सगळी उत्तरं बरोबर आणि वर शून्य! शेजारच्या बाईने विचारलं तर काय सांगू? आमची मुलगी फार हुशार आहे, म्हणून नापास झाली?"

"तिला सांग, गणितात मार्क रीतीला असतात."

"मग बाजारातून येताना रीतच घेऊन या पिशवीत. तीच शिजवते."

हे भांडण मी फळीच्या अलीकडून ऐकलं. फळी म्हणजे काय ते आधी सांगते. आमचं घर म्हणजे मुळात एकच मोठी खोली. आमचे हे सुतार. धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा ह्यांनी मधोमध फळ्या ठोकून एकाची दोन घरं केली. अलीकडे आम्ही, पलीकडे धाकटे दीर आणि जाऊ. फळ्या ओल्या होत्या, पुढे वाळल्या आणि त्यांच्यामध्ये फटी पडल्या. मग इकडचा खोकला तिकडे आणि तिकडची भांडणं इकडे. मी काही कान लावून बसत नव्हते, पण कानांना झाकणं नसतात.

माझे दीर शाळेत गणित शिकवायचे. मी त्यांना भाऊजी म्हणत असे, आणि सगळं गाव त्यांना 'समजा मास्तर' म्हणे. फळ्यावर कुठलंही उदाहरण आलं की ते पहिला शब्द 'समजा' लिहीत. समजा, मुलाचे वय क्ष. समजा, टाकीत पाणी य. पुढे ही सवय शाळेच्या दारात न थांबता घरात आली. जाऊबाईंनी एकदा त्यांना दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं. दूध वर यायला लागलं, तशी यांनी पलीकडून सुरुवात केली, "समजा, दूध असंच तापत राहिलं..." ते म्हणून अमुक, म्हणून तमुक, असं करत 'म्हणून गॅस बंद करावा' इथवर पोचले, तोवर दूध शेगडीखालून वाट काढत माझ्या दारात आलं होतं.

माणूस चांगला होता. आवाज चढवायचा नाही, हात उगारायचा नाही. शाळेतून आला की सदऱ्याच्या बाह्या खडूने पांढऱ्या असायच्या, आणि त्या बाह्यांनीच चष्मा पुसायचा. मग म्हणायचा, आज काही नीट दिसत नाही बुवा.

तर ते भांडण चाललं होतं तेव्हा ज्या मुलीवरून चाललं होतं ती माझ्याकडेच होती. तिला आम्ही भिंगरी म्हणायचो. एका जागी ठरायची नाही. त्या दिवशी मात्र गुडघे पोटाशी घेऊन माझ्यासमोर बसली होती आणि मी निवडत असलेल्या शेंगांतले दाणे एकेक करून तोंडात टाकत होती.

मी हळूच विचारलं, "काय गं, का नाही लिहीत रीत? लिहून टाकावी ना बापाच्या समाधानाला."

"काकू, मला उत्तर दिसतं गं. प्रश्न वाचला की तिथेच असतं."

"मग?"

"मग ते म्हणतात, इथवर कशी आलीस तो रस्ता दाखव. मी चाललेच नाही तर रस्ता कुठून दाखवू?"

मी शाळा पाहिली ती आतून कमी आणि बाहेरून जास्त. चौथीची पुस्तकं आली तेव्हा माझ्या कडेवर धाकटी भावंडं आली, आणि माझं शिकणं तिथेच संपलं. मला यातलं काही कळलं नाही. पण पोर खोटं बोलत नव्हती एवढं कळलं. तिच्या ओंजळीत दाणे ठेवले आणि म्हटलं, "खा. भांडण संपेपर्यंत इथेच बस."

भांडण संपलं ते असं, की जाऊबाई म्हणाल्या, "करा तुम्हाला काय करायचं ते," आणि भांडी घासायला घेतली. त्या भांडी ज्या जोराने घासायच्या त्यावरून मला कळायचं, कोण जिंकलं. त्या दिवशी भाऊजी जिंकले होते. पुढे कितीदा वाटलं, त्या दिवशी हरले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. त्यांच्या खोलीत एक भिंतीतलं कपाट होतं. भाऊजींनी त्याच्या दाराला काळा रंग दिला आणि त्याचा फळा केला. आतले कपडे काढायचे झाले की दार उघडावं लागे आणि अर्धं सोडवलेलं गणित भिंतीकडे तोंड करून उभं राही. जाऊबाई मुद्दाम नेमक्या मध्येच टॉवेल काढायच्या.

संध्याकाळ झाली की बापलेक त्या दारापुढे. इकडे मला ऐकू यायचं.

"समजा, दुसऱ्या नळाला लागणारा वेळ क्ष तास."

"सहा, बाबा."

"मी उत्तर विचारलं का?"

"नाही."

"मग काय म्हणायचं?"

"समजा, दुसऱ्या नळाला लागणारा वेळ क्ष तास," ती गाण्यासारखं म्हणायची.

"शाबास. मग एका तासात तो टाकीचा केवढा भाग भरेल?"

आणि असं करत करत, पायरीपायरीने, ते सहाशी येऊन पोचायचे. तिथे आधीपासून येऊन बसलेल्या मुलीला बाप म्हणायचा, "आलं की नाही?" ती म्हणायची, "आलं." मग ताळा. म्हणजे आलेलं उत्तर परत प्रश्नात घालून बघायचं. मी तर म्हणायचे, एवढ्या वेळात दोन्ही नळांनी टाकी भरून वाहिली असती.

एकदा मी ह्यांना विचारलं, "तुमचा भाऊ असा का हात धुऊन मागे लागलाय तिच्या?" हे रंधा मारत होते. रंधा खाली ठेवला. मग मला ते सांगितलं, जे भाऊजींनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

लहानपणी भाऊजींनाही उत्तरं दिसायची. तशीच, प्रश्न वाचल्याबरोबर. एका परीक्षेत त्यांनी नुसती उत्तरं लिहिली आणि त्यांच्या मास्तरांना वाटलं, पोराने कॉपी केली. वर्गापुढे उभं करून म्हणाले, रीत दाखव. ह्याला दाखवता येईना. कशी येणार? मास्तरांनी पेपर सगळ्यांदेखत फाडला. ते पोर घरी आलं आणि कित्येक दिवस बोललंच नाही. मग हळूहळू पायऱ्या लिहायला लागलं, एकही न गाळता. आणि उत्तरं दिसायची थांबली.

हे म्हणाले, "त्याला भीती वाटते. तिच्याकडे कोणी बोट दाखवलं तर? हातात रीत असली की कोणी काही म्हणू शकत नाही."

"मग तिला सांगावं ना असं."

"तो? तो सांगणार?" ह्यांनी परत रंधा उचलला. "कोणालाही सांगू नकोस हं. त्याने माझ्याकडून वचन घेतलंय."

मी नाही सांगितलं. दिराची गोष्ट दिराने सांगायची.

भिंगरी शिकली. आधी कुरकुर केली, मग खेळ केला, मग सवय झाली. तिच्या अक्षराला असं वळण आलं की छापल्यासारखं. प्रत्येक पायरीखाली दुसरी, डावीकडे त्या तीन टिंबांची 'म्हणून'ची खूण, उत्तराखाली पट्टीने दोन रेघा, आणि शेवटी ताळा. भाऊजी येईल त्याला तिची गणितं दाखवायचे. दूधवाल्यालासुद्धा दाखवली. तो म्हणाला, "छान भरतकाम आहे."

तिला पूल बांधायचे होते. कुठून डोक्यात शिरलं कोण जाणे. नदीवरचा जुना पूल ओलांडताना ती मध्येच थांबायची आणि कठड्याला कान लावायची. ट्रक गेला की म्हणायची, "काकू, ऐक, कण्हतोय." पूल बांधायला शिकवणारं कॉलेज होतं, आणि तिथे जागा मिळायची ती शेवटच्या परीक्षेतल्या गणिताच्या मार्कांवर. म्हणून त्या पेपराला घरात सगळे श्वास रोखून होते. जाऊबाईंनी तर भांडायचंही बंद केलं होतं.

पेपराच्या दिवशी संध्याकाळी मी पलीकडेच होते. बापलेक आले. भाऊजींनी चप्पलही नीट काढली नाही, प्रश्नपत्रिका हातात घेऊन कपाटापाशी उभे राहिले.

"पहिला?"

"लिहिला."

"चौथा?"

"लिहिला. ताळ्यासकट. तीन पुरवण्या लागल्या, बाबा. बाईंनी दोरा देताना विचारलं, कादंबरी लिहितेस का?"

भाऊजी हसले. फार खूश झाले होते. "सहावा?"

"अर्धा."

"अर्धा कसा? सातवा?"

जाऊबाईंनी चहा गाळता गाळता मान वर केली.

"सातवा, आठवा राहिले. घंटा झाली."

"येत नव्हते?"

"येत होते."

"येत होते तर मग..."

"पायऱ्या लिहीत होते ना," ती म्हणाली. तक्रार केल्यासारखं नाही हो. उशीर का झाला विचारल्यावर 'रस्त्यात गर्दी होती' म्हणावं तसं. मग तिने कप उचलला आणि बशीत चहा ओतत सांगितलं, सातव्यातल्या पहिल्याचं अमुक, दुसऱ्याचं अमुक, आठव्यातल्या त्या शिडीच्या गणिताचं अमुक. फुंकर मारत मारत सांगितलं.

भाऊजींनी खडू घेतला. शेवटचे दोन प्रश्न म्हणजे सगळ्यात जड, सगळ्यात जास्त मार्कांचे. ते एकेक सोडवायला लागले. समजा, म्हणून, म्हणून, म्हणून. कपाटाचं दार भरलं की पुसायचे आणि पुन्हा सुरू करायचे. मला त्यातलं काहीच समजत नव्हतं, पण शेवटच्या ओळीचा आकडा वाचता येत होता. दर वेळी पोरीने सांगितलेलाच आकडा खाली यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. दुसऱ्यांदा आला तेव्हा खडू थांबला. शिडीचं उत्तर आलं तेव्हा त्यांनी सवयीने त्याखाली एक रेघ ओढली. दुसरी ओढलीच नाही.

चहा थंड झाला. जाऊबाईंच्या हातात गाळणं तसंच होतं. एरवी त्या बाईला तोंडाला तोंड द्यायला कोणी पुरं पडत नसे. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. त्यांनी गाळणं धुतलं आणि खिळ्याला अडकवलं, आवाज न करता. आवाज न करता धुतलेलं भांडं मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिलं.

निकाल लागला. जागा अगदी थोडक्यात हुकली. जे लिहिलं होतं त्याला पैकीच्या पैकी होते म्हणे.

भाऊजींनी एकदाच विषय काढला. "समजा, पुढच्या वर्षी तू परत बसलीस..."

"नको, बाबा."

"का पण?"

"आता हात ऐकत नाही माझा. मी ठरवलं तरी पायऱ्या गाळता येत नाहीत. परत तेच होईल."

झालं. ती बस डेपोत लागली, चौकशीच्या खिडकीवर. तिथेच डेपोच्या आवारात तिला एक खोली मिळाली. लग्नाचं कोणी काढलं तर म्हणायची, "खिडकीला सुट्टी कोण देणार?" आणि हसून विषय टाळायची.

भाऊजी मात्र त्या कपाटापाशीच अडकले. शाळेत जायचे, शिकवायचे, पण वर्गात एखाद्या मुलाने मध्येच उठून उत्तर सांगितलं की खडू खाली ठेवायचे. पूर्वी म्हणायचे, बस खाली, रीत कुठे आहे? आता नुसते त्याच्याकडे बघत राहायचे. मुलांना वाटलं, मास्तर म्हातारे झाले. नुसत्या उत्तरालाही अर्धे मार्क द्यायला लागले, तेव्हा हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. "मास्तर, तुमचीच रीत तुम्ही मोडताय?" भाऊजी म्हणाले, "हो." त्या एका शब्दाखेरीज काही नाही. शाळेत इतकं थोडक्यात ते कधीच बोलले नव्हते.

पुढे ते निवृत्त झाले. आमचे हे गेले, मग जाऊबाई गेल्या. फळीच्या अलीकडे मी, पलीकडे भाऊजी. फटी आता एवढ्या रुंद झाल्या होत्या की फळी नावालाच राहिली होती. मी म्हणायचे, काढून टाकू या. ते म्हणायचे, राहू दे, दादाच्या हातची आहे.

एक दिवस आले आणि म्हणाले, "वहिनी, मला स्वयंपाक शिकवा."

"आता? दात पडायला लागल्यावर?"

"भिंगरी डेपोच्या टपरीवरचं काहीबाही खाते. तिची ड्युटी पहाटे सुरू होते, तिला वेळ होत नाही. मी डबा करून नेईन."

मी शिकवायला घेतलं आणि पस्तावले. मी सांगावं, कांदा लाल होऊ द्या. हे विचारणार, लाल म्हणजे कुठवर? मी सांगावं, मीठ चवीपुरतं. हे पेन्सिल घेऊन उभे, "चवीपुरतं म्हणजे किती?" मी म्हटलं, "भाऊजी, समजा पातेलं क्ष." तेव्हा कुठे हसले. पण शिकले हो. गाळणार काहीच नाहीत, त्यामुळे चुकायचंही नाही. त्यांची भाजी शेवटी शेवटी माझ्यापेक्षा बरी व्हायची. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. डोक्यावर बसले असते.

डबा घेऊन ते चालत डेपोत जायचे. तिथे खिडकीपुढे रांग. तिचा बाप म्हणून बाजूच्या दारातून आत जाता आलं असतं. पण नाही. पिशवी धरून रांगेत उभे. नंबर आला की डबा आत, कालचा रिकामा डबा बाहेर. मागचे लोक ओरडायचे, "आजोबा, कुठली गाडी?" हे म्हणायचे, "मला कुठे जायचं नाही."

मग जरा बाजूला होऊन भिंतीला टेकायचे आणि ऐकत राहायचे. मी एकदा सोबत गेले होते तेव्हा पाहिलं. माणूस विचारायचा, अमुक गावाला जायचंय, मध्ये गाडी बदलायची, सोबत म्हातारी आई आहे, अंधार व्हायच्या आत पोचेन का? प्रश्न संपायच्या आत भिंगरीचं उत्तर. ही घ्या, तिथे उतरा, समोरून ती मिळेल, पोचाल. पुढचा. एकाही माणसाने तिला विचारलं नाही की तुला कसं कळलं. भाऊजी भिंतीला टेकून प्रत्येक उत्तराला मान डोलवत होते, आणि डोळे कुठेतरी भलतीकडेच.

परत येताना म्हणाले, "वहिनी, मला तिला सांगायचंय."

"काय?"

"माझं चुकलं."

"मग सांगा ना. मघाशी समोरच तर होती."

"असं कसं सांगणार? समजा, मी नुसतं 'माझं चुकलं' म्हणालो, तर ती म्हणेल, काय चुकलं? म्हणजे आधी ते शून्य सांगायला हवं. शून्य का दिलं? तर त्याच्या आधी माझ्या शाळेतलं सांगायला हवं..."

"भाऊजी, खालची ओळ आधी सांगा. पायऱ्या मागाहून सांगा हव्या तर."

ते रस्त्यातच थांबले. खरंच विचार करत होते. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता, त्याचंही भान नाही. शेवटी मान हलवली. "नाही जमत हो. कारण दिल्याशिवाय उत्तर लिहायला माझा हात धजत नाही."

त्यानंतर हे नेहमीचंच झालं. सकाळी भाजी चिरता चिरता फळीपलीकडून आवाज यायचा. "वहिनी, समजा, मी तिला असं म्हणालो की तुला आठवतं का, तू सातवीत असताना..." मी इकडून म्हणायचे, "लांबलं. मागचे लोक ओरडतील." दुसऱ्या दिवशी नवी सुरुवात. एकदा तर मला भिंगरी करून समोर बसवलं. मी म्हटलं, "बोला बाबा." ते बोलायला लागले आणि त्यांच्या मास्तरांनी पेपर फाडला तिथवर येऊन थांबले. चष्मा काढला, बाहीने पुसला. म्हणाले, "उद्या पुढचं."

आणि तिला हवं नव्हतं असं नाही. सुट्टीच्या दिवशी ती घरी यायची. भाऊजी दूध आणायला गेले होते तेव्हा मी तिला सरळच विचारलं, "भिंगरे, बापावर राग आहे का गं तुझा?"

ती माझ्या डोक्याला तेल लावत होती. बोटं थांबली. "राग नाही, काकू. कधीच संपला. पण त्यांनी एकदा म्हणावं असं वाटतं."

"काय म्हणावं?"

"तुला माहितीय. ते येतात, डबा देतात, तोंड उघडतात आणि मिटतात. मी रोज जरा थांबते. मागची माणसं ओरडतात तरी थांबते. पूल राहिले माझे, ते काही कोणाच्या म्हणण्याने बांधले जाणार नाहीत. पण म्हणावं."

"मी सांगू का त्यांना?"

"मुळीच नाही हं! शिकवून पाठवलेलं मला नको. माझी शपथ आहे."

घ्या. एकाला ह्यांनी वचन दिलेलं, आता एकीची शपथ. दोघांच्या मधली फळी मीच झाले होते. मला दोन्हीकडचं ऐकू यायचं, पण पलीकडे काही जायचं नाही. तरी मी आडून आडून बोलून पाहिलं. म्हटलं, "भाऊजी, ती काय परीक्षक आहे? ती मार्क कापणार नाही." ते म्हणाले, "म्हणूनच तर. कापणार नाही म्हणूनच नीट मांडायला हवं."

माणसाला एक सवय लागते, ती त्याला सांभाळते, आणि तीच त्याचा हात धरून ठेवते. भाऊजींनी आयुष्यात एकदाच पायऱ्या न लिहिता उत्तर दिलं होतं, तेही लहान असताना, आणि तेव्हा त्यांचा पेपर फाडला गेला. पुढे म्हातारपणीसुद्धा तो माणूस तो पेपर फाटण्याचा आवाज ऐकत होता, असं मला वाटतं. ते समोर असते तर म्हणाले असते, कशावरून, वहिनी? असो.

ते गेले ते साध्या दुपारी. जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. आजार नाही, काही नाही. फळीपलीकडचं घोरणं थांबलं, मला वाटलं कूस बदलली असेल.

सगळं आवरल्यावर भिंगरी माझ्याकडे येऊन बसली. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ह्यांना दिलेलं वचन आता कोणासाठी पाळायचं? लहानपणीचा तो पेपर, वर्गापुढे उभं राहणं, सगळं. मला वाटलं रडेल. ती फटीतून पलीकडच्या खोलीकडे बघत होती.

"म्हणजे त्यांनाही दिसायचं?"

"दिसायचं."

"माझ्यासारखं?"

"तुझ्याचसारखं."

"मग एवढं तरी सांगायचं ना, काकू," ती म्हणाली. "बाकी काही नसतं म्हणाले तरी चाललं असतं. एवढं एकच. आम्ही दोघं मिळून किती हसलो असतो."

मग रडली. आणि त्यांच्या शेवटच्या दिवशी खिडकीवर काय झालं ते तिने मला सांगितलं. सकाळचं मला ठाऊकच होतं.

त्या सकाळी भाऊजींनी मला काही ऐकवलं नाही. समजा नाही, म्हणून नाही. फळीवर टकटक करून लिंबू आहे का विचारलं. मी फटीतून अर्धं दिलं. बटाट्याची भाजी केली होती, तिच्यावर पिळलं. डबा भरला, झाकण दोनदा दाबून पाहिलं, पिशवीत सरळ बसवला. "येतो, वहिनी," म्हणाले. मी म्हटलं, "ऊन आहे, टोपी घ्या." "घेतलीय."

डेपोत गर्दी होती. कुठलीशी गाडी रद्द झाली होती आणि सगळे चिडलेले. भाऊजी रांगेत उभे राहिले. एका बाईने आपलं पोर त्यांच्याजवळ उभं केलं आणि पाणी आणायला गेली. ती परत येईपर्यंत त्यांनी पुढच्या दोघांना आपल्यापुढे जाऊ दिलं. मग त्यांचा नंबर आला.

त्यांनी डबा आत सरकवला. भिंगरीने कालचा रिकामा बाहेर दिला.

"बटाटा आहे," ते म्हणाले.

"बरं."

ती जरा थांबली. ते खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून उभे होते. मागून कोणीतरी म्हणालं, "आजोबा, आटपा."

"टोपी कुठे आहे तुमची?" भिंगरीने विचारलं.

"पिशवीत."

"पिशवीला ऊन लागतंय का? घाला बघू."

त्यांनी टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर घातली. रिकामा डबा पिशवीत ठेवला आणि बाजूला होऊन भिंतीला टेकले. मागच्या माणसाने त्या रद्द झालेल्या गाडीचं विचारलं. भिंगरीने त्याला सांगितलं, अमुक गाडीने फाट्यापर्यंत जा, तिथून दुसरी मिळेल, जेवायच्या वेळेला घरी असाल. तो माणूस गेला. तिने पाहिलं तेव्हा भाऊजी पिशवी या हातातून त्या हातात घेत फाटकाबाहेर पडत होते, घरी यायच्या वाटेला.